खोटंच होतं ना?

पनवेलकरांनो, सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

आज आई उरण नाक्यावर मासे घेत होती, मी बाजूलाच उभी. बाईकवरून दोघं आले. मागच्यानं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र खेचलं आणि त्या गर्दीतून दोघं पसार! आई मटकन खाली बसली. भरलेला बाजार, पण कुणी जागचं हललं नाही. मीसुद्धा नाही.

चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, "किती तोळ्याचं?"

आई म्हणाली, "खोटं होतं. खरं भीतीनं लॉकरमधी ठेवलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मावशी, गेलं काय तुमचं? नशीब समजा."

मी आईच्या मानेवरचा लालभडक वळ दाखवला. "हळद लावा," म्हणाले.

म्हणजे आज पनवेलमध्ये काही घडलंच नाही. मामाला फोन केला, तर तोही म्हणाला, "खोटंच होतं ना? सुटलात!"

येताना आईनं रिक्षा थांबवायला लावली. बांगड्यांच्या दुकानातून तसंच दुसरं खोटं मंगळसूत्र घेतलं. "मोकळा गळा बरा नाय दिसत," म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

त्या वळावरच मी हूक लावून दिला. दुसरं काय करणार होते, सांगा ना.