मागच्या दोन खोल्यांतली बहीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गल्लीने तेव्हा काय तर्क केले असतील ते असोत – तोंडावर कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून कशाला बोलतोय?

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. साताऱ्यात जागेची फार टंचाई. सरकारने कायदाच केला होता – घर रिकामं झालं की मालकाने कचेरीत कळवायचं, परवानगीशिवाय भाड्याने द्यायचं नाही. दिलं तर तुरुंग. मी शाळामास्तर, तुरुंग म्हणजे नोकरीही गेलीच. तरी आत्याकडून मिळालेल्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी गुपचूप भाड्याने दिल्या. हाव सुटली, दुसरं काय?

भाडेकरू अनसूया, तासगावकडची. नवरा फौजेत, लांब काश्मीरकडे. पदरात दोन लहान मुली. मी तेव्हा बिनलग्नाचा, गल्लीत नवा. कुणी विचारलं तर ‘मास्तरांची बहीण’ म्हणायचं, ही शक्कल माझीच. पण तिने ती खरीच मानली हो! भाऊबीजेला अंगणात पाट मांडून मला ओवाळलं. आणि मी मनात काय म्हणालो? बरं झालं, चार लोकांनी पाहिलं. एवढा हलकट होतो मी.

पौषात कचेरीतले साहेब तपासणीला आले, बरोबर पोलीस. अनसूयेने बेधडक सांगितलं, “मास्तर माझे भाऊ हायती.” साहेब माझ्याकडे वळले – सख्खी की चुलत? हिच्या वडलांचं नाव काय? ते मला ठाऊकच नव्हतं, आणि खोटं सांगावं तर पुढे तिलाही विचारणारच. तिला कधी विचारलंच नव्हतं. मागे भिंत, दारात पोलीस – पळणार कुठे? साहेब शिक्षेचं कलम वाचायला लागले, आणि मी बोलून गेलो – नाही, बोलून गेलो कसला, चांगला विचार करून बोललो – “ही माझी कुणी नाही. कुलूप तोडून घुसलीय.”

साहेबांनी तिला विचारलं, हे खरं का? ‘भाडं देते’ एवढंच ती म्हणाली असती तरी मी संपलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही.

“व्हय सायेब, मीच तोडलं. ह्यास्नी काय बी ठावं न्हवतं.”

पोलीस तिला घेऊन गेले. मुली पदर धरून मागे चालत होत्या. धाकटी वळून वळून ‘मामा, मामा’ अशी हाक मारत होती. मी ओ दिली नाही.