पाच पावलं मागं: साताऱ्याहून सांगलीला, एका परीक्षेसाठी

सांगलीला लोक हळद घ्यायला जातात, गणपतीला जातात. मी गेले एका पोरीला रस्ता ओलांडायला शिकवायला. दृष्टिहीन मुलांची शिक्षिका व्हायचं प्रशिक्षण घेतेय, त्यातली ही शेवटची परीक्षा. नियम सोपा वाटतो: मुलगी पांढरी काठी घेऊन पुढं चालणार, आपण पाच पावलं मागं. खरा धोका असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मी मुळात घाबरट, त्यामुळे मला तेच सगळ्यात अवघड.

गुरुवारी सकाळी सातला सातारा स्टँडवरून एसटी पकडली. याच वाटेनं जाणार असाल तर सकाळी उजवीकडची खिडकी धरा, डावीकडं ऊन येतं. बायकांना तिकीट अर्धं. कराडच्या आसपास रस्त्याची कामं चालू आहेत, तासभर जादा धरूनच चला. पेठ नाक्यावरून आत वळलो आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी कर्कश लावलेली.

"आता सांगलीपत्तूर ह्यांच्याच मागनं जायचं," कंडक्टर म्हणाले. "घाई हाय का ताई?"

"परीक्षा आहे."

"मग आदल्या दिशी निघायचं की वो!"

आदल्या दिवशीच निघाले होते, परीक्षा शुक्रवारी होती.

माझी विद्यार्थिनी शाहीन, दहावीतली, सांगलीतल्या दृष्टिहीन मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात राहते. दुपारी आम्ही शाळेसमोरचा रस्ता तीनदा ओलांडला, तिन्ही वेळा नीट. संध्याकाळी खुशीत भेळ खाल्ली. सांगलीची भेळ चुकवू नका, फक्त तिखट कमी सांगा.

शुक्रवारी परीक्षक बाईंच्या आधी शाहीनचे वडील हजर. रफीकभाई, इस्लामपुरात शिलाईचं दुकान. दर शनिवारी दुकान बंद ठेवून लेकीला न्यायला येतात.

"मॅडम, हिला कवा एकटी सोडली न्हाई," ते म्हणाले. "आज जमलं तर पुढच्या शनिवारी एसटीनं एकटी यिऊ दे. अकरावीलाबी सांगलीतच ठिवतो. न्हाईतर दहावी झाली की घरी."

शाहीन नुसती काठीची घडी घालत होती, उलगडत होती. माझ्या गुणांचं मला काही वाटेना. या पोरीचं शिक्षण आता या रस्त्यावर येऊन थांबलं होतं.

ती कडेला उभी राहिली. मी पाच पावलं मागं. उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, गाण्यात बाकीचे सगळे आवाज बुडाले. पहिली ट्रॉली गेली. मध्ये जरा मोकळी जागा, मागं दुसरी ट्रॉली. तेवढ्यात शाहीनचं पाऊल हललं. मी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि मागं ओढलं.

"मॅडम!" ती जोरात ओरडली. "मी पाय सरळ करत हुते. दुसरी ट्रॉली हाय म्हाईत हाय मला!"

खरंच होतं. रस्त्याकडं सरळ तोंड करून उभं राहायला मीच शिकवलं होतं, आणि तेच करताना तिला धरलं होतं. परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"बघा," रफीकभाई म्हणाले. "तुमीच धरलं. मग मी कुणाच्या भरवशावर सोडू?"

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शाहीननं काठी पुन्हा टेकवली. "बाई, मला परत करायचंय. आन् मॅडम, तुमी अब्बांजवळ थांबा."

परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि स्वतः तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी रफीकभाईंच्या शेजारी गेले. पुन्हा ट्रॅक्टर. शाहीन हलली नाही. दुसरी ट्रॉली गेली, गाणं लांब गेलं, तरी ती ऐकतच राहिली. मग काठी पुढं झाली. ती निम्म्यात असताना एक मोटरसायकल वळणावरून आली आणि रफीकभाई धावले. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"थांबा," मी म्हणाले.

शाहीननं काठी उभी धरली, थांबली. मोटरसायकलवाल्यानं ब्रेक दाबला. ती पुढं गेली. पलीकडच्या कडेला काठी टकटक वाजली, आणि तिथून ती ओरडली, "आले का न्हाई?"

तेव्हा कुठं मी रफीकभाईंचं मनगट सोडलं.

मी काठावर पास झाले. धरल्याचे गुण कापले, ते बरोबरच कापले. साताऱ्याला परतून आठवडा झाला, आणलेला भडंग संपला, पण रस्त्यावर कुणीही कडेला उभं दिसलं की माझा हात अजून आपोआप पुढं होतो. धाडस शिकवायला निघाले होते, आणि भीती जास्त माझ्याकडंच निघाली, हे मान्य करायला जड जातं.

काल शनिवारी दुपारी शाहीनचा आवाजी मेसेज आला. मागं एसटीची घरघर. ती कुजबुजत होती:

"मॅडम, एसटीत हाय. एकटीच चाललेय घरी. अब्बा मागच्या शिटावर बसल्यात, खोकल्यावरनं वळखलं. मला म्हाईत न्हाई असं वाटतंय त्यांना. सांगू का, उतरा म्हणून?"

मी मेसेज पुन्हा एकदा ऐकला. मग उत्तर पाठवलं, "नको. बसू दे त्यांना. त्यांचं शिकणं आत्ताच चालू झालंय."