राखणीच्या दोन गोळ्या

माझा औषधांवर विश्वास नाही, आणि हे काही आजचं नाही. डॉक्टर भराभर लिहायला लागले की माझं डोकं सणकतं. त्यामुळे ताईच्या केमोनंतर नर्सने आणखी दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, तेव्हा मी तिला तिथेच अडवलं. या कशाला? ती म्हणाली, केमोने मूत्राशयाला इजा होते, ती होऊ नये म्हणून. पहिली गोळी दोन तासांनी, दुसरी सहा तासांनी, वर भरपूर पाणी. शरीराचा चांगला भाग राखणारं औषध आहे.

चांगला भाग! आणि चांगला कुठला, वाईट कुठला, हे त्या गोळीला कोण सांगणार?

ताई रोह्याची, केमो पनवेलला. एवढा प्रवास तिला झेपत नसे म्हणून त्या दिवशी ती पेणला माझ्याकडे रामवाडीत उतरणार होती. मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. आमच्यात साच्याला आतून तेलाचा हात देतात, म्हणजे प्लास्टर चिकटत नाही. तेच तेल चुकून मूर्तीला लागलं तर रंग धरत नाही, कितीही हात मारा. माझ्या डोक्यात तेच बसलं. ही गोळी म्हणजे तेल. आत सगळीकडे पसरणार, आणि एवढं सोसून घेतलेलं केमो ताईच्या गाठीवरही धरणार नाही. डॉक्टरांना विचारावंसं वाटलं, पण ते हसले असते आणि मला ते खपलं नसतं.

मग मी शहाणपणा केला. दुपारी बसमध्ये आणि संध्याकाळी घरी, दोन्ही वेळा तिला माझी कॅल्शियमची गोळी दिली. ती इतकी दमलेली की न बघता गिळली. खऱ्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या आणि स्वतःवर खूश झाले.

तिसऱ्या दिवशी तिला लघवीतून रक्त गेलं. कळा अशा की तिला धड बसवेना. गाडी करून पनवेल गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेतल्या होत्या का? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "घेतल्या की. हिने दिल्या, घड्याळ बघून."

डॉक्टर विचारात पडले. आधीचे दोन डोस तिला दाखल करून दिले होते, तेव्हा हेच राखणीचं औषध सलाईनमधून गेलं होतं. त्रास झाला नव्हता आणि गाठही लहान झाली होती. आता गोळ्या घेऊनही रक्त जात असेल, तर हे केमो बंद करावं लागेल, असं ते म्हणाले. तिला लागू पडलेलं औषध माझ्यामुळे बंद होणार होतं.

"नाय दिल्या मी," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिल्या."

डॉक्टरांनी मला झाडलं, ते मी ऐकून घेतलं. ताईने मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिला बरं वाटल्यावर तेच केमो पुन्हा सुरू झालं. नर्सने सवयीने गोळ्या माझ्यापुढे धरल्या. ताईने मधेच हात घातला.

"माझ्याकडं द्या गो बाय. हिच्याकडं नको."

बसमध्ये वेळ झाल्यावर तिने गोळीचं नाव वाचलं. मी पाण्याची बाटली उघडून पुढे केली. तिने आधी वास घेतला, मग प्यायली.