उलटा बसवलेला जायरो

माझ्या नवऱ्याला लग्नाआधीपासून रिमोटच्या हेलिकॉप्टरचं वेड. ते त्याने धाकट्या भावालाही लावलं. एका शनिवारी दिराने नवऱ्याच्या हेलिकॉप्टरवर नवा जायरो बसवला. जायरो म्हणजे काडेपेटीहून लहान डबी. शेपटी भरकटायला लागली की ती मागचा छोटा पंखा हलवून तिला जागेवर धरते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघोज्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर गेलो. नवऱ्याने विचारलं, "हाताने फिरवून जायरोची दिशा बघितलीस ना?"

"बघितली रे दादा. किती वेळा विचारशील?"

नवऱ्याने रिमोटने हेलिकॉप्टर वीतभर उचललं आणि शेपटी गर्रकन फिरली. नवरा सावरायला बघत होता, पण गरगरणं वाढतच गेलं. मग ते आडवं झालं आणि पाती मुरमावर आदळली. एक पातं तुटून सरळ नवऱ्याच्या मांडीत घुसलं.

तो मटकन खाली बसला, रिमोट हातातून सुटला. मोटर चालूच होती. उरलेली पाती जमीन खरवडत होती, खडे तोंडावर येत होते. मी रिमोट उचलून थ्रॉटल पूर्ण खाली ओढला. तोवर त्याची पँट गुडघ्यापर्यंत रक्ताने भिजली होती. मी ओढणी मांडीवर आवळून बांधली.

दीर हेलिकॉप्टरपाशी उकिडवा बसला होता. "डबी खालून चिकटवली मी, म्हणजे उलटी," तो पुटपुटला. "सेटिंगमध्ये दिशा बदलायची राहिली."

"म्हणजे तू बघितलंच नव्हतंस," नवरा म्हणाला.

तो लंगडत उठला आणि त्याने भावाच्या तोंडावर ठोसा मारला. दिराचा पुढचा दात पडला. त्याने नवऱ्याच्या जखमी पायावर लाथ घातली. मग दोघं मुरमात लोळत एकमेकांना मारत राहिले. मी सोडवायला गेले तर कुणाचं तरी कोपर माझ्या नाकावर बसलं. माझं रक्त बघून दोघे थांबले.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "अपघात की मारामारी?"

"दोन्ही," मी म्हणाले.

पुढे कित्येक महिने भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मला दोघांचाही संताप यायचा. शेवटी एका दुपारी मी दिराला आकुर्डीला घरी बोलावलं. वरची पाती न लावता हेलिकॉप्टर टेबलावर ठेवलं, बॅटरी जोडली.

"भाऊजी, नाक डावीकडे फिरवा," मी म्हणाले. "मागचा पंखा नाक उजवीकडे आणायला बघतोय का?"

त्याने फिरवलं, वाकून बघितलं. "नाही, वहिनी. अजून डावीकडेच ढकलतोय."

मी सेटिंग बदललं. त्याने पुन्हा फिरवलं, आता बरोबर होतं. खात्री होईना म्हणून परत परत फिरवत राहिला.

नवरा दाराशी उभा राहून बघत होता. आत आला, मांडी चोळत स्टुलावर बसला आणि भावाला म्हणाला, "जायरोचा गेन कमी ठेव. जोर जास्त झाला तर शेपटी हलत राहील."

"किती ठेवू?" दिराने विचारलं.