ताईच्या किनाऱ्यावर वादळ येत नाही

माझी थोरली बहीण लग्न होऊन मुळशीतून ताम्हिणी घाट उतरली ती थेट समुद्रकाठी. भावोजी गेल्यापासून तिथल्या घरात एकटीच असते. काही वर्षांपूर्वीच्या वादळात तिच्या पोफळी आडव्या झाल्या आणि पडवीचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडले. तरी तिचं म्हणणं एकच, "आमच्याकडं वादळ येत न्हाई. ते एक चुकून आलं."

यंदा मे महिन्याच्या अखेरीला समुद्रात वादळ तयार होतंय, अशी बातमी आली. मी लगेच फोन केला. आमच्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात, तसे ठेव म्हटलं. तिने गडी लावून ठेवून घेतले.

आमच्या वरच्या खोलीत ओडिशाचा एक भाडेकरू आहे, हिंजवडीत नोकरीला. त्याचं गाव ऐन किनाऱ्यावर. दगडांचं ऐकून तो जिन्यातच थांबला. "आंटी, वो पत्थर उडेगा. किसी के सर पे गिरेगा." पत्रे तारेने बांधायचे आणि माणसांनी घरात थांबायचंच नाही, असं त्याचं म्हणणं.

पुन्हा फोन. "ताई, दगड काढ."

"सकाळी ठेव म्हनलीस."

"आता काढ म्हणते. आणि पिशवी भर, मी गाडी घेऊन येते."

"तितं येऊन मी काय करू? तुझी भांडी घासू?"

तिच्या किनाऱ्यावर वादळं खरंच कमी का, असं मी भाडेकरूला विचारलं. त्याने नीट समजावलं. वादळाला गरम पाणी लागतं, आणि अरबी समुद्र त्यांच्या समुद्रापेक्षा थंड. भर पावसाळ्यात खालचा वारा एका दिशेला, वरचा दुसऱ्या. त्यात वादळ उभंच राहत नाही. जी होतात ती बहुतेक ओमानकडे नाहीतर गुजरातकडे निघून जातात. म्हणजे ताई बरोबर. मग तो म्हणाला, पण आता हेही पाणी तापायला लागलंय. म्हणजे मी बरोबर. मग तिला आणू की नको?

"लाना है, आंटी. इसमें सोचना क्या?"

आणलं. ताई घाटभर पिशवी मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर टीव्हीसमोरून हलेना. शेवटी वादळ वळलं आणि ओमानच्या दिशेने गेलं. तिच्या गावात झाडाचं पान हललं नाही. मात्र घर बंद बघून कुणाची तरी गुरं परसात शिरली आणि भेंडी फस्त करून गेली.

"वादळानं काय न्हाई नेलं," ताई म्हणाली. "तू नेलीस माझी भेंडी."

भाडेकरूच्या गावात वादळं नेहमीची, म्हणून सांगावा आला की लोक मुकाट्याने उठून शाळेच्या पक्क्या इमारतीत जातात. वादळ आलं नाही तरी कुणी कुणाला बोल लावत नाही. ताईकडे ते क्वचित येतं, म्हणून एकदा इशारा खोटा ठरला की विषय संपला. मग वादळ कमी येणारा किनारा जास्त सुरक्षित म्हणायचा की कमी?

ताईला एसटीत बसवायला गेले. खिडकीतून म्हणाली, "फुडच्या टायमाला मी येनार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

"बरं," मी म्हटलं. एरवी मी असं कुणाचं ऐकून घेत नाही. पण वादळ आलंच नव्हतं.