अनुसया हलली नाही

तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत, अनुसया ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जोडायची. जुन्या ताण्याचं एक टोक आणि नव्याचं एक, राख लावलेल्या बोटांनी पिळायचं, पुढचं घ्यायचं. एका मागाला अडीच हजार टोकं. हात हलला की धागा तुटतो, म्हणून पीळ देताना जोडणारे श्वासही धरतात. मी बारा वर्षं माग चालवला, मग मोठ्या दवाखान्यात एक्स-रे खोलीत मदतनीस म्हणून लागलो. अनुसयेसारखी जोडणी मी कोणाची पाहिली नाही. तिचं टोक सुटत नसे.

चौऱ्याऐंशी साली तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. एका खाजगी डॉक्टरने आत गाठ पाहिली आणि तपासणीला तुकडा काढला. लुगडं भिजलं, बाई मरता मरता वाचली. ती गाठ म्हणजे नुसतं रक्तवाहिन्यांचं जाळं होतं.

मग ती आमच्या दवाखान्यात आली. तिथं ठरलं की गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधी बुजवायच्या, मग कापायचं. जांघेतून बारीक नळी थेट गालापर्यंत न्यायची आणि तिथं स्पंजचे कण सोडायचे. बाई जागी. दीड तास डोकं हलता कामा नये. कण भलत्या वाहिनीत गेला तर डोळा जातो.

आदल्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी तिच्या दिराला, बबनरावला, बोलावलं.

"ही घाबरेल, हलेल. त्यापेक्षा रक्ताच्या बाटल्या जमवा. तसंच कापू."

बबनरावने मान डोलावली. अनुसया बाजूच्याच खाटेवर बसली होती.

"मले इचारा ना. नाक माहं आहे."

"वहिनी, डॉक्टरसाहेब सांगून राहिले..."

"तू चूप बस गा. तुले सुई टोचाची तं दोन मानसं धराले लागते." मग ती डॉक्टरांकडे वळली. "एकदा तसंच कापलं. काय झालं थे मी भोगलं. आता आधी बुजवा. मी हालत नाही."

"डोळा गेला तर?"

"डोळाबी माहाच आहे. कागद आना. सही येते मले."

दुसऱ्या दिवशी नळी चढली. वाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून रंगाचं औषध सोडलं की गाल पेटल्यासारखा जळतो. भले भले पुरुष टेबलावरून उसळताना मी पाहिले आहेत. ही पडून होती.

"श्वास धरा," डॉक्टर म्हणाले. चित्र निघालं. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले आणि 'सोडा' म्हणायचं विसरले. मी तिच्या पायाशी उभा होतो. पोट हलत नव्हतं. ओठ काळे पडायला लागले.

"सोड वं बाई," मी म्हटलं.

तिने श्वास सोडला. "त्यायनं सांगतलं नाही ना, भाऊ."

त्यानंतर डॉक्टर दर वेळी मोठ्याने 'सोडा' म्हणाले.

पावणेदोन तास लागले. चादर मी काढली. डोक्याखाली घामाचा एकच गोल डाग होता. डोकं हललं की तो डाग पसरतो.

दोन दिवसांनी गाठ निघाली. रक्ताच्या चार बाटल्या जमवल्या होत्या, एक लागली. दोन्ही डोळे शाबूत. दुसऱ्या सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले.

"नशीब चांगलं तुमचं."

नाकात बोळे होते, आवाज बसका होता. तरी पूर्ण वॉर्डाला ऐकू आलं.

"नशीब कायचं, साहेब? मी हालली नाही."