ग्लेनिसबाईंची दहा लिटर

माझ्या सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते.

"शेजारची ग्लेनिस खुळावली गं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून शेगडीवर मोठं पातेलं ठेवून नुसतं पाणी उकळतेय. ना बटाटे, ना काही. माझ्या भिंतीला ओल आली."

"तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"विचारलं. म्हणाली, किती जातंय ते बघतेय. कुठे जातंय, म्हटलं. तर म्हणाली, वर."

संध्याकाळी गेले तर खरोखरच ग्लेनिस ट्रिफिटबाई शेगडीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. हातात लाकडी पळी, मांडीवर घड्याळ, आणि खिडकीची काच वाफेनं पांढरी.

डर्वेंट नदीच्या आमच्या खोऱ्यात ग्लेनिसबाईंना ओळखत नाही असा माणूस नाही. चौदाव्या वर्षापासून हॉप्सच्या मळ्यात बिअर कडवट करणारी फुलं खुडली, मग तीस वर्षं फुलं वाळवायच्या भट्टीवर काढली. फूल मुठीत चुरून वास घेतला की आणखी किती वेळ वाळवायचं ते सांगायच्या. पण त्यांचं नाव झालं ते बिअरमुळे. घरामागच्या पडवीत विटांत बसवलेलं कपडे उकळायचं तांब्याचं भांडं होतं, सासूकडून आलेलं. सासूनं त्यात चादरी उकळल्या, सुनेनं बिअर. काळी, भाजलेल्या सातूंची. एका खेपेला चाळीस लिटर. खुडणी संपायच्या दिवशी लोक आपापले मग घेऊन यायचे आणि रात्र पडायच्या आत भांड्याचा तळ दिसायचा. एप्रिलच्या मेळ्यात घरच्या बिअरच्या स्पर्धेचा विभाग असतो, त्यातही एकतीस वर्षं त्यांच्या बाटल्या मांडलेल्या असायच्या.

गेल्या हिवाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत. मुलगा ब्रेंट म्हणाला, घर विकू. डिसेंबरात त्या आमच्या सासूबाईंच्या शेजारी दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या. तांब्याचं भांडं ब्रेंटनं नेलं. त्यात तो आता शेकोटी करतो.

"आई, दुकानात डबा मिळतो," असंही तो म्हणाला होता. "तयार पाक असतो. पाणी ओतायचं, यीस्ट टाकायचं, झालं. नाहीतर माझ्याकडे ये. तू खुर्चीत बसून सांग, मी उचलतो."

"मग ती तुझी बिअर. मेळ्याच्या अर्जावर तुझं नाव घाल."

"आता या वयात कुणाला दाखवायचंय, आई?"

"डब्यातला केकही मिळतो की रे," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोला माहीत आहे. मी कधी काही बोलले?"

त्यानंतर बाईंनी मुरंब्याचं रुंद तोंडाचं पंधरा लिटरचं पातेलं कपाटातून काढलं आणि ठरवलं, चाळीस नाही तर दहा लिटर. पण आपल्या शेगडीवर, आपल्या हातानं.

चाळीसचे दहा करणं म्हणजे पोरखेळ, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यात मर्व्ह बेस्टर होता. मर्व्ह पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याच्याकडे विजेवर चालणारं चकचकीत यंत्र आहे आणि त्याचा हिशेब ठेवणारा फोन. मेळ्यात गेली वीस वर्षं तो ग्लेनिसबाईंच्या मागेच असतो. त्यानं फोन काढला.

"सगळं भागिले चार, ग्लेन. सातू भागिले चार, हॉप्स भागिले चार. भांड्यात किती भरायचीस?"

बाईंनी कधी लिटर मोजले नव्हते. भांड्यात बुडवायच्या काठीला दोन खाचा होत्या. वरच्या खाचेपर्यंत गाळलेलं सातूंचं पाणी भरायचं, हॉप्स टाकून तासभर खळखळ उकळायचं, खालच्या खाचेवर आलं की आग ओढायची. ब्रेंटनं बादलीनं मोजलं होतं: वर सेहेचाळीस, खाली चाळीस.

"म्हणजे साडेअकरा भर, दहा उरतील," मर्व्ह म्हणाला.

जानेवारीत बाईंनी साडेअकरा भरलं. तासाभरानं उरलं आठ.

मर्व्ह तिथेच होता. "मग काय झालं? नळाखाली धर. दोन लिटर ओत, दहा होतील."

इथे एक सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात माणसानं बायको सोडली तरी लोक चार महिन्यांनी बोलायला लागतात. बिअरमध्ये पाणी घातलं तर नाही. मागे एका बारवाल्यानं घातलं होतं, तर खुडणाऱ्यांनी त्याला असं वाळीत टाकलं की बिऱ्हाड उचलून तो दुसऱ्या गावी गेला. ग्लेनिसबाईंचे वडील त्या खुडणाऱ्यांत होते.

"ट्रिफिटांच्या घरात बिअरमध्ये नळाचं पाणी पडणार नाही," बाई म्हणाल्या आणि ते आठ लिटरच आंबवायला ठेवलं.

तीन आठवडे बादलीत, दोन बाटलीत. मग आम्हाला चाखायला बोलावलं. दाट, कडू, जिभेला चिकटणारं.

सासूबाईंनी एक घोट घेतला. "खोकल्यावर छान आहे," त्या म्हणाल्या.

ग्लेनिसबाईंनी एकेक बाटली उघडून मोरीत ओतली. मग त्यांनी नळ सोडून मोरी धुतली. आम्हाला वाटलं, संपलं. ब्रेंटलाही तेच वाटलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो एक डबा ठेवून गेला.

डबा ओट्यावर तसाच राहिला आणि पाणी उकळणं सुरू झालं.

"पहिल्या दिवशी साडेअकरा ठेवलं," त्यांनी मला पळीच्या दांड्यावरच्या सुरीच्या खुणा दाखवल्या. "तासात साडेतीन गेलं. आज सहाच ठेवलं. बघ."

मी वाकून पाहिलं. तळाशी जेमतेम अडीच लिटर.

"आजही साडेतीनच!" मी म्हटलं.

"साडेतीनच! अकरा घाल नाहीतर सहा घाल, हे आपलं साडेतीन घेऊन जाणार. आत किती आहे त्याच्याशी वाफेला देणंघेणं नाही. भांड्याचं तोंड केवढं आणि खाली आच किती, एवढंच ती बघते. मर्व्हचा फोन सातूंना भागेल, हॉप्सना भागेल. वाफेला कसा भागेल?" त्या हसल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. "साठ वर्षं उकळतेय मी, आणि हे मला आज कळलं. तांब्याच्या भांड्यात कधी कळायची वेळच आली नाही. काठी सांगायची, मी ऐकायची."

पण खरी अडचण पुढे होती. दहा उरायला हवेत तर सुरुवातीला साडेतेरा हवेत. पंधराच्या पातेल्यात साडेतेरा भरले की फेस उतू जाणार आणि सगळं शेगडीवर. बारापेक्षा जास्त भरता येत नव्हतं. उरलेलं दीड लिटर उकळता उकळता किटलीतून घालायला हवं होतं.

म्हणजे पाणीच.

दोन दिवस त्यांनी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंची औषधं घेऊन आले, तर त्या दारातच उभ्या.

"मला सांग, हे पाणी घालणं झालं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्यानं काय होतंय? वर गेलं ते निव्वळ पाणी. सातू गेले नाहीत, फुलं गेली नाहीत. त्यातलंच दीड लिटर मी परत आणून ठेवते. त्याहून एक थेंब जास्त नाही. यात मी कुणाला फसवलं?"

"कुणाला नाही."

"मग मला झोप का येत नाही?" त्या दारातून बाजूला झाल्या. "मेळ्यात कुणी विचारलं तर लपवणार नाही. लपवलं की मग ते पाणी घालणंच."

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी ती खेप केली. मी किटली भरून देत होते. बाई डाव्या हातात पळी धरून खुणा बघत होत्या आणि उजव्या हातानं उकळतं पाणी धारेनं सोडत होत्या. उकळी एकदाही मोडू दिली नाही. तासानं आच बंद केली, पळी बुडवली. बरोब्बर दहा.

मेळ्यात त्या विभागाची कामं माझ्याकडे असतात. बाटल्यांवर आकडे लावायचे, परीक्षकांसमोर ओतायचं, तोंड बंद ठेवायचं. काळ्या बिअरच्या गटात सहा जण होते. परीक्षक बाई लॉन्सेस्टन शहरातून आल्या होत्या. कुणाची कुठली त्यांना ठाऊक नव्हतं. पहिला नंबर एका तरुण जोडप्याचा आला. दुसरा ग्लेनिसबाईंचा. मर्व्ह पाचवा.

"थोडक्यात गेलं, आई," ब्रेंट म्हणाला.

"काय गेलं? माझं काही गेलं नाही."

आणि तेवढ्यात मर्व्हनं विचारलंच. मंडपात पाचपन्नास माणसं, अर्धी भट्टीवरची जुनी.

"ग्लेन, जानेवारीत तुझे आठच झाले होते. आता दहा कसे? खरं सांग. पाणी घातलंस?"

ब्रेंट पुढे व्हायला लागला. बाईंनी त्याला हातानं मागे सारलं.

"घातलं. दीड लिटर. उकळतं, उकळत्यात. माझ्या पातेल्यातून तासात साडेतीन लिटर वाफ जाते, त्यातलं दीड परत आणलं. मोजून. ज्याला बघायचंय त्यानं माझ्या घरी यावं, शेगडी समोरच आहे." त्यांनी टेबलावरची बाटली उचलली आणि मर्व्हचा ग्लास भरला. "तू माझी बिअर वीस वर्षं पितोयस. पी आणि या सगळ्यांना सांग, पातळ आहे?"

मर्व्ह प्यायला. पुन्हा प्यायला. त्याच्या मिशांना फेस लागला होता, तोही पुसायचं त्याला सुचलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तीच आहे."

भट्टीवरचा एक म्हातारा मागून ओरडला, "मग आमचे मग काय शोभेला आणलेत?"

रांग लागली. ब्रेंटनं गाडीतून उरलेल्या अकरा बाटल्या आणल्या. लोकांनी सवयीनं ते जुने लिटरभराचे मग पुढे केले. ग्लेनिसबाई प्रत्येकात दोन बोटं ओतत होत्या, मान ताठ, खुब्याचं दुखणं विसरून उभ्या.

"एवढीच?" मर्व्हनं पुन्हा मग पुढे केला.

"एवढीच. दहा लिटर केलीय, चाळीस नाही," त्या म्हणाल्या. "चल, मागच्याला येऊ दे."